पुळणीवरील कचरारेषा : सागरी घनकचऱ्याची कारणमीमांसा (महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महाराष्ट्रास उत्तरेस झाई-बोर्डीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, असे आपण शालेय भूगोलापासून शिकवीत आलो आहोत. या किनाऱ्यावर भरती ओसरली की पुळणीवर एक वाकडीतिकडी रेषा मागे राहते. शेवाळ, शिंपले, उंडीची फळे, सुरूच्या काड्या, माकुलाचे पांढरे कवच असा ऐवज पूर्वी या रेषेत सापडे. आज त्याच रेषेत शाम्पूच्या पुड्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणे, थर्मोकोलचे गोळे, एकेकटी चप्पल आणि हिरव्या-निळ्या नायलॉन दोऱ्यांचे गुंते आढळतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांसमवेत किनारा स्वच्छतेच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास ही रेषा अनेक वर्षे जवळून पाहावयास मिळाली. रविवारी सकाळी स्वच्छ केलेल्या पुळणीवर मंगळवारी पुन्हा तशीच रेषा पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मधल्या दोन दिवसांत इथे कोणीच आले नाही. मग हा कचरा आला कुठून?" "पर्यटक टाकतात," हे त्या वेळी सवयीने दिलेले उत्तर अपुरे होते, किंबहुना बऱ्याच अंशी चुकीचे होते. त्या प्रश्नाचे अधिक जबाबदार उत्तर शोधणे, हा या लेखाचा हेतू आहे.

सागरी कचरा : संकल्पना व व्याप्ती

मानवाने निर्माण केलेला किंवा प्रक्रिया केलेला, सहजी न कुजणारा आणि सागरी वा किनारी पर्यावरणात टाकलेला, सोडून दिलेला अथवा वाहून आलेला कोणताही घन पदार्थ म्हणजे सागरी कचरा, अशा आशयाची व्याख्या संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने स्वीकारली आहे. तीत काच, धातू, रबर, कापड हे सारे येते. तथापि प्रत्यक्षात या कचऱ्यात प्लास्टिकचाच वाटा प्रचंड असतो. समुद्रातील प्लास्टिक कणांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष १९७२ मध्येच गेले होते. सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिक कणांची नोंद त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. परंतु त्यानंतर जवळजवळ तीन दशके हा विषय मुख्यतः सौंदर्यहानीचा प्रश्न म्हणूनच पाहिला गेला. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील वाळूत डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे तंतू व कण दाखवून दिले, आणि 'सूक्ष्मप्लास्टिक' ही संज्ञा रूढ झाली.

समुद्रात नेमके किती प्लास्टिक जाते, याचे अंदाज गृहीतकांनुसार बदलतात. जेना जॅम्बेक यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार १९२ किनारी देशांतून २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे. केवळ नद्यांचा विचार करणाऱ्या २०२१ च्या एका अभ्यासाने हा आकडा वार्षिक ८ लाख ते २७ लाख टन असा मांडला. त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष असा की, यातील सुमारे ८० टक्के भार हजाराहून अधिक नद्या वाहतात आणि त्यांत नगरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या मुंबईच्या नद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

नदी, नाला आणि पऱ्ह्या

विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून माहीमच्या खाडीत विसर्जित होणारी मिठी नदी जेमतेम १८ किलोमीटर लांबीची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या नदीचे अस्तित्व मुंबईकरांना नव्याने उमगले. तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्याने शासनाने पिशव्यांविरुद्ध कठोर भूमिका घेतली व २००६ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन ठरविली. मात्र त्या वेळी चर्चा झाली ती गटार तुंबण्याची. जे प्लास्टिक गटारात अडकले नाही ते कोठे गेले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ते अर्थातच समुद्रात गेले.

ग्रामीण कोकणातील स्थिती स्वरूपतः निराळी नाही. फक्त प्रमाण लहान आहे. गावाचा कचरा उचलण्याची व्यवस्था जेथे नाही तेथे तो पऱ्ह्याच्या कडेला किंवा खाडीच्या उतारावर टाकला जातो. आठ महिने तो तेथेच साचून राहतो. मिरग लागला, पहिला मोठा पाऊस झाला की एका रात्रीत तो उतार स्वच्छ होतो आणि 'पावसाने गाव धुऊन काढला' असे आपण समाधानाने म्हणतो. सह्याद्री ते समुद्र हे अंतर कोकणात सरासरी पन्नास किलोमीटरच्या आसपास असल्याने येथील नद्या आखूड व वेगवान आहेत. कचऱ्यास वाटेत स्थिरावण्यास फारसा अवधी मिळत नाही. खाडीमुखाजवळील कांदळवने तेवढी त्याला अडवितात. कांदळांच्या श्वसनमुळांवर पिशव्यांचे थर चढून ती गुदमरतात, ही त्या अडवणुकीची किंमत होय.

समुद्र कचरा 'परत' कधी करतो?

जुलै-ऑगस्टमधील उधाणाच्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर व जुहू-वर्सोव्याच्या पुळणीवर कचऱ्याचे ढीग दिसतात आणि 'समुद्राने मुंबईकरांचा कचरा परत केला' अशी छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत येतात. वाक्य चटकदार आहे. पण त्यामागील यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पावसाने नद्या-नाल्यांतील साचलेला कचरा समुद्रात लोटला जातो. त्याच वेळी वारे व लाटा समुद्राकडून किनाऱ्याकडे येत असल्याने तरंगणारा कचरा खोल समुद्रात न जाता किनाऱ्यालगतच फिरत राहतो. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, मुंबईजवळ भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक साडेचार मीटरच्या वर जात असताना, पाणी एरवी न पोहोचणाऱ्या उंचीवर हा कचरा नेऊन ठेवते. भांगाच्या दिवसांत तो तेथेच पडून राहतो, आणि पुढच्या उधाणाला त्यातील काही भाग पुन्हा उचलला जातो. म्हणून एका विशिष्ट दिवशी पुळणीवर दिसणारा कचरा हा त्या आठवड्यातील कचरा असतोच असे नाही.

किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह या काळात सामान्यतः दक्षिणेकडे वाहतो व हिवाळ्यात उत्तरेकडे वळतो. परिणामी एका तालुक्याचा कचरा दुसऱ्या तालुक्याच्या, क्वचित दुसऱ्या राज्याच्या पुळणीवर लागतो. 'आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांचा कचरा येतो' ही प्रत्येक गावाची तक्रार त्यामुळे खरी असते. आणि ती प्रत्येकाची खरी असते, हीच अडचण आहे.

यात आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. पावसाळ्यात लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात व पाऊस सरल्यानंतर तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. या भरावाखाली पावसाळ्यातील कचऱ्याचा काही भाग गाडला जातो. जानेवारीत पर्यटकांस आवडणारी स्वच्छ पुळण काही ठिकाणी केवळ झाकलेली असते. फूटभर खणल्यास पिशव्यांच्या चिंध्या हाती लागतात, हा अनुभव स्वयंसेवकांना नवीन नाही.

तरंगणारे व बुडणारे

पुळणीवर जे दिसते तो समुद्रातील कचऱ्याचा प्रातिनिधिक नमुना नव्हे. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते. पिशव्या, झाकणे व दोर ज्यांपासून बनतात ती पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांची घनता याहून कमी आहे. म्हणून ती तरंगतात. पाण्याच्या बाटलीचे पीईटी (सुमारे १.३८), पीव्हीसी व नायलॉन (सुमारे १.१४) ही पाण्याहून जड आहेत. झाकण घट्ट लावलेली बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, झाकण निघाले की बुडते. त्यामुळे पुळणीवर बाटल्यांपेक्षा सुटी झाकणे अधिक का सापडतात, या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातच आहे. तरंगणाऱ्या प्लास्टिकवरही शेवाळ, बारनॅकल यांचे थर बसले की ते जड होऊन तळाशी जाते. आपण वेचतो तो कचरा म्हणजे एकूण कचऱ्याचा तरंगणारा, वाऱ्याला लागणारा आणि अद्याप न झिजलेला अंश होय.

भंगाराच्या बाजारात ज्याला भाव नाही

घनतेइतकेच दुसरे कारण आर्थिक आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते अधिक बोलके आहे. दुधाची रिकामी पिशवी, पाण्याची बाटली, तेलाचा कॅन यांना भंगारवाल्याकडे भाव मिळतो. कचरावेचक त्या नाल्यात पोहोचण्यापूर्वीच उचलतात. याउलट शाम्पूची पुडी, वेफर्सचे चकचकीत वेष्टन, बिस्किटाचा कागद ही निरनिराळ्या प्लास्टिकचे व ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांस चिकटवून बनविलेली असतात. ते थर वेगळे करणे परवडत नाही, वजनही नगण्य भरते. म्हणून ती कोणी उचलत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही त्याच्या पुड्या भरतीरेषेत दिसतात, त्याचे एक कारण हेच. शहराच्या गल्लीतील भंगारवाल्याने जे नाकारले, त्याची यादी म्हणजे बहुतांशी पुळणीवरील कचऱ्याची यादी होय. कचरावेचक नावाचा असंघटित व उपेक्षित वर्ग आज किनाऱ्याचे जेवढे रक्षण करतो तेवढे कोणतीही मोहीम करीत नाही. त्याचा उल्लेख मात्र स्वच्छतेच्या भाषणांतून क्वचितच येतो.

जाळी, जहाजे व विसर्जन

समुद्रात थेट निर्माण होणारा कचराही कमी महत्त्वाचा नाही. पूर्वी मासेमारीची जाळी सुताची व तागाची असत. ती दरवर्षी रंगवावी लागत आणि हरवली तरी काही महिन्यांत कुजत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनची जाळी आली. ती टिकाऊ असल्यानेच मच्छीमारांना वरदान ठरली, आणि टिकाऊ असल्यानेच हरवल्यानंतर वर्षानुवर्षे मासे, कासवे, डॉल्फिन यांना अडकवीत राहिली. जाळ्यात सापडलेल्या संरक्षित जिवांना जाळे कापून मुक्त करणाऱ्या मच्छीमारांस नुकसानभरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरू केली, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र कापलेल्या जाळ्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्या योजनेच्या कक्षेबाहेर आहे. दुसरीकडे, खाडीमुखाशी डोल लावणारे मच्छीमार सांगतात की पावसाळ्यानंतरच्या हंगामात डोलीच्या खोळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकही भरते व ते निवडण्यात तास-दोन तास जातात. म्हणजे हा समाज एका अर्थाने कचऱ्याचे कारण आहे आणि त्याहून अधिक अर्थाने त्याचा बळी आहे.

जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास 'मार्पोल' कराराच्या पाचव्या परिशिष्टान्वये १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. २०१३ पासून तर काही ठराविक अपवाद वगळता सर्वच कचरा टाकणे निषिद्ध झाले. अपघात मात्र घडतातच. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन 'एमएससी चित्रा' कलंडले. तेलगळतीबरोबर त्यावरील अनेक कंटेनर समुद्रात पडले व त्यांतील माल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत लागला. मे २०२१ मध्ये कोलंबोनजीक 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजास आग लागून सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे कच्चे दाणे समुद्रात गेले. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाल्यानंतर केरळच्या पुळणींवर असेच दाणे पसरले. साबुदाण्याएवढे हे दाणे वाळूत मिसळले की चाळणी लावून वेचण्यावाचून उपाय नसतो.

विसर्जनाचा प्रश्न संवेदनशील आहे. तथापि तो टाळून चालणार नाही. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळत नाही व तिचे भग्न अवशेष दुसऱ्या दिवशी ओहोटीला उघडे पडतात. निर्माल्य स्वतः कुजते, परंतु ज्या पिशवीत बांधून ते श्रद्धेने अर्पण केले जाते ती कुजत नाही. निर्माल्यकलशांची सोय झाल्यापासून अनेक गावांत यात सुधारणा झाली आहे. सोय उपलब्ध झाली की वर्तन बदलते, याचे हे लहानसे उदाहरण होय.

पुळण : एक जाते

किनाऱ्यावर पडलेले प्लास्टिक कुरूप दिसते, एवढीच त्याची हानी असती तर हा प्रश्न नगररचनेच्या अभ्यासकांवर सोपविता आला असता. परंतु पुळण हे प्लास्टिकचे दळण दळणारे जातेच आहे. खोल, थंड व अंधाऱ्या पाण्यात प्लास्टिक अतिशय मंद गतीने झिजते. पुळणीवर मात्र त्याला प्रखर ऊन, तापलेली वाळू व भरपूर प्राणवायू मिळतो. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होते आणि वाळू व लाटा यांच्या घर्षणाने त्याचा भुगा होतो. मुंबईच्या चार पुळणींवर केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भरतीरेषेवर दर चौरस मीटरला सरासरी ६८ हून अधिक प्लास्टिकचे तुकडे आढळले व त्यांत अगदी लहान तुकड्यांचे प्रमाण मोठे होते. गुजरातेतील अलंग येथील जहाजतोडणीच्या पट्ट्यात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर किलो गाळामागे सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लास्टिकचे कण सापडले होते.

म्हणून मोठा तुकडा असताना तो उचलणे याला निश्चित अर्थ आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी सुरू केलेली स्वच्छता मोहीम सर्वपरिचित आहे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले दिसली. पुढील पावसाळ्यांत तेथे पुन्हा कचरा आला, हेही तितकेच खरे. या गृहस्थांनी पुढे आपले श्रम मिठी नदीच्या काठाकडे वळविले, यात त्या अनुभवाचे तर्कशुद्ध उत्तर दिसते.

कायदे आहेत, प्रश्न सीमेचा आहे

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या व एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून काही निवडक वस्तूंवर देशभर बंदी घातली व पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉनपर्यंत नेली. उत्पादकावर वेष्टन परत घेण्याची जबाबदारी टाकणारे नियम आहेत. जागतिक करारासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी मात्र बुसान (२०२४) व जिनिव्हा (ऑगस्ट २०२५) येथील बैठकांनंतरही निष्फळ ठरल्या. प्लास्टिकचे उत्पादनच मर्यादित करावे की केवळ कचऱ्याचे व्यवस्थापन करावे, हा त्यांतील कळीचा वाद होता.

स्थानिक पातळीवरील अडचण अधिक साधी आहे. भरतीरेषेच्या वर ग्रामपंचायत, खाली सागरी मंडळ, बाजूला वनविभाग, जेट्टीवर मत्स्यव्यवसाय खाते अशी पुळणीची वाटणी झालेली असते. कचरा तर दर सहा तासांनी या सीमा ओलांडतो.

महाविद्यालयांच्या मोहिमांविषयी

आपली महाविद्यालये दरवर्षी किनारा स्वच्छता करतात. गोणी मोजल्या जातात, छायाचित्रे निघतात, अहवाल विद्यापीठास जातो. त्या गोणींत काय होते, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये सुरू झालेल्या व पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या मोहिमेचे वैशिष्ट्य हेच की, तीत वेचलेली प्रत्येक वस्तू प्रकारानुसार मोजून नोंदविली जाते. आपल्याकडेही किनारी महाविद्यालयांनी, विशेषतः कनिष्ठ खर्चात होणारे संशोधन शोधणाऱ्या विभागांनी, हे सहज करावे. भरतीरेषेवर शंभर मीटरचा एकच ठराविक पट्टा निवडावा. उधाणानंतरच्या ओहोटीस, दर महिन्याच्या त्याच तिथीस तो वेचावा. वस्तू प्रकारानुसार वेगळ्या करून मोजाव्यात. तिथीचा आग्रह हास्यास्पद वाटेल, पण भरतीचे गणित तिथीवरच चालते आणि कोळीवाड्यातील कोणासही ते तोंडपाठ असते. शेवाळ, काड्या व शिंपले मात्र उचलू नयेत. तो कचरा नव्हे, खेकडे व किनारी पक्षी यांचे अन्न आहे. यंत्राने पुळण खरवडण्याचा मोह त्याच कारणासाठी टाळावा.

आमच्या स्वयंसेवकांनी अशी नोंद सुरू केली तेव्हा तक्त्यात सात रकाने होते. तिसऱ्या महिन्यात आठवा वाढवावा लागला. नायलॉन जाळ्याचे बोटभर लांबीचे, दोन्ही टोकांना सरळ कापलेले तुकडे मोठ्या संख्येने सापडू लागले होते. ते फाटलेले नव्हते, कापलेले होते. विद्यार्थ्यांनी जेट्टीवर जाऊन विचारले, तेव्हा जाळी शिवीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलांनी सांगितले की, जाळे सांधताना फाटका भाग कापावाच लागतो आणि कापलेले टाकायला येथे जागा नाही. "तुम्ही पोते बांधून द्या, आम्ही त्यात टाकू," असे ते म्हणाले. पोते बांधले. ते दीड महिन्यात भरले. भंगारवाल्याने निव्वळ नायलॉन असेल तर घेतो, इतर दोर मिसळलेले चालणार नाहीत, असे सांगितले. आता तेथे दोन पोती आहेत, आणि पुळणीवरील आठव्या रकान्यातील आकडा खाली येतो का, हे कळण्यास आणखी एक पावसाळा जावा लागेल.